रात्री काही खाल्लं नाही, तरी सकाळी शुगर वाढलेली कशी? लिव्हर आणि स्वादुपिंडाची गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.)

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल तर आवाज जरा वाढवा, कारण आज सुरुवात एका कोड्याने आहे.

रात्री नऊला जेवण. दोन पोळ्या, भाजी, थोडा वरण-भात. त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. सकाळी सातला लॅबवाला घरी येऊन रक्त घेऊन जातो. दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते. फास्टिंग शुगर १३८. आणि मग घरात चौकशी समिती बसते. "रात्री गुपचूप काय खाल्लंत?" ज्यांच्या घरी आई किंवा बाबांना डायबिटीस आहे, त्यांनी हा संवाद नक्की ऐकलाय. बिचारे बाबा शपथ घेऊन सांगतायत की फ्रीज उघडलासुद्धा नाही. आणि ते खरं बोलतायत!

मग दहा तास पोट रिकामं असताना ही साखर आली कुठून?

लिव्हरमधून. म्हणजे आपल्या यकृतातून. आणि लिव्हरने ती का सोडली, हे समजायचं तर त्याच्या शेजाऱ्याला विचारावं लागतं. तो शेजारी म्हणजे स्वादुपिंड, इंग्रजीत पॅन्क्रियाज. आजचा भाग या दोन शेजाऱ्यांचा. मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे, त्यामुळे औषध कुठलं घ्या, कुठलं बंद करा, असलं काही इथे मिळणार नाही. पण ही सिस्टीम चालते कशी, हे समजून घ्यायला डॉक्टर असावं लागत नाही.

आधी पत्ता. उजव्या हाताचा तळवा उजवीकडच्या खालच्या बरगड्यांवर ठेवा. त्या खाली लिव्हर. वजन साधारण सव्वा ते दीड किलो, शरीराच्या आतला सगळ्यात मोठा अवयव. मटणाच्या दुकानात आपण कलेजी मागतो ती हीच. गंमत बघा, दुकानात कलेजी म्हणजे यकृत, आणि गाण्यात काळीज तुटतं तेव्हा ते हृदय! आपल्या भाषेने दोन्ही अवयव एकाच शब्दात बसवलेत.

स्वादुपिंड शोधणं अवघड. ते जठराच्या मागे, जवळजवळ पाठीच्या कण्याला टेकून, आडवं पडलेलं असतं. लांबी पंधरा सेंटिमीटरच्या आसपास, वजन शंभर ग्रॅमपर्यंत. त्याचं डोकं लहान आतड्याच्या पहिल्या वळणात अडकलेलं आणि शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत गेलेलं. इतकं आत, की डॉक्टरांच्या हातालाही सहसा लागत नाही. पोटात गॅस असेल तर सोनोग्राफीतसुद्धा नीट दिसत नाही. रिपोर्टमध्ये "पॅन्क्रियाज ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस" असं वाचलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की आडोसा होता.

आता या सगळ्यातली माझी सर्वात आवडती गोष्ट. पोर्टल व्हेन.

शरीरात रक्ताचा सर्वसाधारण नियम सोपा आहे. हृदयातून निघालं, अवयवात गेलं, तिथून परत हृदयात. पोटातल्या अवयवांना मात्र वेगळा नियम. जठर, आतडी, प्लीहा, स्वादुपिंड, या सगळ्यांतून निघालेलं रक्त थेट हृदयाकडे जातच नाही. ते एका जाड शिरेत गोळा होतं आणि आधी लिव्हरमध्ये जातं. ती शीर म्हणजे पोर्टल व्हेन. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असायचा ना, ट्रक कुठूनही येवो, आधी नाक्यावर थांबायचं, माल दाखवायचा, मग गावात शिरायचं. तसं. माझ्या धंद्यातल्या लोकांसाठी सांगायचं तर हा एपीआय गेटवे आहे. आतड्यातून आलेली प्रत्येक रिक्वेस्ट आधी इथे थांबते.

लिव्हरमधून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त जातं. त्यातलं जवळजवळ तीन चतुर्थांश या नाक्यावरून आलेलं असतं. उरलेलं हेपॅटिक आर्टरीतून येतं, ताजं, ऑक्सिजनवालं. म्हणजे हा अवयव बहुतेक वेळ दुसऱ्यांचं वापरलेलं रक्त तपासण्यात घालवतो. प्रोटीन पचवताना तयार झालेला अमोनिया विषारी असतो, त्याचा युरिया करून लिव्हर तो किडनीकडे पाठवतं. दारू असेल तर तिची मोडतोड. गोळ्या असतील तर त्यांचंही रूपांतर इथेच. आजोबांच्या खिशात छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी असते, ती गिळत का नाहीत माहितीये? गिळली तर नाक्यावरून जाईल आणि लिव्हर तिचा मोठा हिस्सा वाटेतच मोडून टाकेल. जिभेखालून ती सरळ रक्तात जाते, नाका चुकवून.

आता लक्षात ठेवा, या नाक्यावर अन्नाबरोबर स्वादुपिंडातून निघालेलं रक्तही येतं. त्याच्यात इन्सुलिन असतं. ते पुढे कामाला येणार आहे.

स्वादुपिंड दोन नोकऱ्या करतं. पहिली नोकरी पाचक रस बनवण्याची. दिवसाला सुमारे दीड लिटर! वरणातलं प्रोटीन, भातातला स्टार्च, तुपातली चरबी, तिन्ही तोडणारी एन्झाइम्स यात असतात. आता जो रस मांस पचवू शकतो, तो स्वादुपिंडालाच का पचवत नाही? कारण प्रोटीन तोडणारी एन्झाइम्स आत निष्क्रिय रूपात बनतात. आतड्यात पोचल्यावर तिथलं दुसरं एन्झाइम त्यांची पिन काढतं आणि मग ती कामाला लागतात. ट्रकमधून नेताना बॉम्बची पिन लावलेलीच असावी, तसं.

पण हा रस आतड्यात पडतो कुठून, तिथे एक लोचा आहे. लिव्हर पित्त बनवतं. ते पित्ताशयात साठतं आणि जेवणात चरबी आली की नळीतून आतड्यात येतं. ही पित्ताची नळी स्वादुपिंडाच्या डोक्यातून खाली उतरते, आणि बहुतेकांमध्ये अगदी शेवटी स्वादुपिंडाची नळी तिला येऊन मिळते. दोन फ्लॅट आणि एकच कॉमन दरवाजा. पित्ताशयातला एखादा छोटा खडा घसरत आला आणि त्या दरवाज्यात अडकला, तर शेजाऱ्याचा पण रस्ता बंद. मग ती एन्झाइम्स आतल्या आत जागी होतात आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवायला लागतं. याला अक्यूट पॅन्क्रियाटायटिस म्हणतात. पित्ताचे खडे आणि दारू, ही याची जगभरातली दोन सर्वात मोठी कारणं.

इथे आपली मराठी जरा घोळ घालते. आपण "मला पित्त झालंय" म्हणतो तेव्हा आपल्याला बहुतेक वेळा म्हणायची असते अ‍ॅसिडिटी, म्हणजे जठरातलं आम्ल. त्याचा लिव्हरमधल्या खऱ्या पित्ताशी संबंध नसतो. बोलायला ठीक आहे, पण वरच्या पोटात प्रचंड दुखतंय, ते आरपार पाठीत जातंय, उलट्या थांबत नाहीत, पुढे वाकून बसलं तरच जरा बरं वाटतंय, असं असताना "पित्तच असेल" म्हणून थंड दूध पिऊन झोपणं महागात पडू शकतं. हे दुखणं हॉस्पिटलचं आहे. तिथे रक्तातलं लायपेज किंवा अमायलेज तपासतात. ते नॉर्मलच्या तिप्पट किंवा जास्त निघालं की निदान बरंचसं पक्कं होतं.

दुसरी नोकरी हॉर्मोन्सची. १८६९ मध्ये बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाचा मेडिकलचा विद्यार्थी, वय २१, स्वादुपिंड मायक्रोस्कोपखाली बघत होता. रस बनवणाऱ्या पेशींच्या गर्दीत त्याला मध्येमध्ये वेगळ्याच पेशींची छोटी छोटी बेटं दिसली. ही बेटं करतात काय, याचं उत्तर त्याच्या प्रबंधात नव्हतं. पण त्याने जे दिसलं ते नीट लिहून ठेवलं. वीस वर्षांनी स्ट्रासबुर्गमध्ये मिन्कोवस्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि कुत्र्याला डायबिटीस झाला. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्टनी त्या बेटांमधला अर्क मिळवला, आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला तो टोचला. पहिलं इंजेक्शन अशुद्ध होतं, फारसं जमलं नाही. कॉलिपने तो अर्क शुद्ध केला, बारा दिवसांनी पुन्हा दिला, आणि मुलाची साखर उतरली. त्याआधी अशा मुलांकडे उपाशी राहून मरण पुढे ढकलणं एवढाच उपचार होता. बेटांचं वजन अख्ख्या स्वादुपिंडाच्या एक-दोन टक्के. म्हणजे एक-दोन ग्रॅम. एवढ्यावर सगळं उभं आहे.

चला, आता कोड्याकडे.

तुमच्या सगळ्या रक्तात मिळून या क्षणी साखर किती असेल? पाच ग्रॅमच्या आसपास. साधारण एक चमचा! आणि एकटा मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज खातो. म्हणजे टाकीत एक चमचा माल आणि दिवसभर उपसा सुरू. शिवाय पातळी फार खाली गेली तर बेशुद्धी, वर राहिली तर हळूहळू डोळे, किडनी, नसा खराब. हा चमचा सांभाळायचं काम आपले दोन शेजारी मिळून करतात.

जेवलात. भातातली साखर आतड्यातून पोर्टल व्हेनमध्ये आली. स्वादुपिंडातल्या बीटा पेशींनी इन्सुलिन सोडलं, तेही त्याच शिरेत. दोघं एकत्र लिव्हरच्या दारात. इन्सुलिनचा निरोप असा, की माल आलाय, साठवा, आणि तुमचं स्वतःचं प्रॉडक्शन बंद करा. लिव्हर ग्लुकोजच्या साखळ्या करून ठेवतं, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. साधारण शंभर ग्रॅमचा साठा. आलेल्या इन्सुलिनपैकी जवळजवळ निम्मं लिव्हर पहिल्याच फेरीत वापरून मोडून टाकतं, उरलेलं पुढे शरीराला. बाकी शरीराला इन्सुलिनची उरलेली खुरचन मिळते असं म्हणा ना! म्हणून पोटाच्या कातडीखाली टोचलेलं इन्सुलिन कधीच पूर्ण नैसर्गिकासारखं वागत नाही. ते आधी सगळीकडे फिरतं, लिव्हरला त्याच्या वाट्याचं मिळत नाही.

रात्री उलटं. साखर खाली यायला लागली की इन्सुलिन कमी होतं, अल्फा पेशी ग्लुकागॉन सोडतात, आणि लिव्हर साठा फोडून थेंब थेंब ग्लुकोज रक्तात सोडतं. साठा कमी पडला तर प्रोटीनच्या तुकड्यांपासून नवीनही बनवतं. तुम्ही झोपलेले असता आणि मेंदूचं बिल लिव्हर भरत असतं. एकादशीला तुम्ही दुपारपर्यंत शुद्धीवर असता, ते यामुळे. म्हणजे रात्री लिव्हरने साखर सोडणं हा बिघाड नाहीच, ती त्याची रोजची ड्यूटी आहे. बिघाड तेव्हा, जेव्हा इन्सुलिन "बास" म्हणतं आणि लिव्हर ऐकत नाही.

ऐकत का नाही? तिथे चरबी येते.

माझाच रिपोर्ट सांगतो. उंची पाच फूट आठ इंच, वजन ६८. म्हणजे बीएमआय २३ च्या आत. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये सोनोग्राफी झाली आणि खाली एक ओळ आली, "ग्रेड वन फॅटी लिव्हर". टीममध्ये विचारलं तर आणखी तिघांचं तेच. एकाने लिहिलं, "चिल, सगळ्यांनाच असतं." आता माझ्या बाबांना डायबिटीस आहे, कोड्यातला तो फास्टिंगचा आकडा आमच्या घरातलाच. त्यामुळे मला ते चिल काही जमलं नाही, आणि मी वाचत बसलो.

बारीक माणसाच्या लिव्हरमध्ये चरबी कशी, याचं एक उत्तर आपल्या पुण्यातच मिळतं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकच मार्क देतो आणि आतला हिशोब दुपटीहून वेगळा! याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांत जन्मलेल्या बाळांवर वर्षानुवर्षं काम केलंय, आणि ही "बारीक पण चरबीवाली" ठेवण त्यांना जन्मापासूनच दिसली. म्हणजे "मी कुठे जाडा आहे" हा बचाव आपल्यासारख्यांना फारसा चालत नाही. टी-शर्ट मिडियमचा, पण पोट पुढे, ही आपली आयटी पार्कातली टिपिकल आकृती.

आता चक्र बघा. गरजेपेक्षा जास्त ऊर्जा रोज येत राहिली, की लिव्हर तिची चरबी करतं. साखरेच्या गोडात निम्मं फ्रुक्टोज असतं आणि ते मुख्यतः लिव्हरच हाताळतं, म्हणून ३०० मिलीच्या कोल्ड्रिंकमधली सुमारे ३० ग्रॅम साखर त्याच्यासाठी जास्त त्रासाची. लिव्हरच्या वजनाच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त चरबी झाली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. चरबीने भरलेलं लिव्हर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. रात्री साखर सोडतच राहतं. मग स्वादुपिंड ओरडून सांगतं, म्हणजे जास्त इन्सुलिन सोडतं. आणि जास्त इन्सुलिन लिव्हरला आणखी चरबी बनवायला लावतं. झाला इन्फिनिट लूप. यानंतर लिव्हर जास्तीची चरबी रक्तात ढकलतं, ट्रायग्लिसराइड वाढतात, आणि ती चरबी शेजारी स्वादुपिंडात पण साठायला लागते. तिथे त्या बीटा पेशी दबतात. ज्या दिवशी त्यांचं ओरडणं कमी पडतं, त्या दिवशी फास्टिंग १२६ च्या वर जातं आणि आपण म्हणतो, डायबिटीस "झाला". खरं तर ते प्रकरण अनेक वर्षं आधी लिव्हरमध्ये सुरू झालेलं असतं.

ही मांडणी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे रॉय टेलर यांची. २०११ मध्ये त्यांनी टाइप टू डायबिटीसच्या ११ जणांना आठ आठवडे दिवसाला फक्त ६०० कॅलरीच्या आसपास ठेवलं. एका आठवड्यात लिव्हरमधली चरबी साधारण ३० टक्के उतरली आणि फास्टिंग शुगर नॉर्मलला आली. एका आठवड्यात! स्वादुपिंडाला वेळ लागला. आठ आठवड्यांत तिथली चरबी हळूहळू कमी झाली आणि बीटा पेशी पुन्हा काम करायला लागल्या. पुढे मोठा प्रयोग झाला, डायरेक्ट नावाचा, निदानाला सहा वर्षांच्या आत असलेल्या रुग्णांवर. वर्षाअखेर ४६ टक्के लोक औषधांशिवाय डायबिटीसच्या रेषेखाली होते. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यात ८६ टक्के. दोन वर्षांनी मात्र एकूण आकडा ३६ वर आला, कारण बऱ्याच जणांचं वजन परत चढलं. आणि हे घरी कुणी एकट्याने करू नका हं, विशेषतः शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर. शुगर धाडकन खाली जाऊ शकते. तिथे डॉक्टर आधीच डोस बदलून ठेवत होते.

मग आपल्या ग्रेड वनचं काय? एसजीपीटी नॉर्मल आहे म्हणून खूश होऊ नका. लिव्हरच्या पेशी तुटल्या की ते रक्तात सांडतं, पण नुसती चरबी साठत असताना ते बऱ्याचदा नॉर्मल राहतं. सर्व्हरचा हेल्थ चेक हिरवा आणि आत डिस्क ९० टक्के भरलेली, हे आपण पाहिलंय ना! लिव्हर दुखत पण नाही, कारण आत दुखणं कळवणाऱ्या नसा नाहीत, त्या फक्त वरच्या आवरणात. काळजीची खरी गोष्ट म्हणजे चरबीमुळे सूज आणि सुजेमुळे व्रण, म्हणजे फायब्रोसिस. त्याचा अंदाज घ्यायला एफआयबी-फोर नावाचा हिशोब आहे. वय, एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट, चारही आकडे तुमच्या रिपोर्टवर आधीच असतात. पण पस्तिशीच्या आत तो तितकासा भरवशाचा नाही, त्यामुळे आपल्या वयात ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर आकडा काढून निवांत होऊ नका. शंका असेल तर डॉक्टर फायब्रोस्कॅन सांगतात. आई-बाबांना डायबिटीस असेल तर त्यांच्या रिपोर्टवर हा हिशोब त्यांच्या डॉक्टरांना जरूर करायला सांगा, त्यांच्या वयात तो चालतो.

आता रील्सवाले "लिव्हर डिटॉक्स". लिव्हर म्हणजे गाळणी नाही, जी चोंदली आणि ज्यूसने धुतली. ते विषारी पदार्थ साठवत नाही, त्यांचं रूप बदलून बाहेर पाठवतं. उलट काही काढ्यांनी त्यालाच इजा होते. कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. मी एवढंच म्हणेन, की गुळवेल घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. आणि काविळीची माळ! दूषित पाण्यामुळे होणारी हेपटायटिस ए ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते, श्रेय माळेला जातं. पण कावीळ नळीत अडकलेल्या खड्यामुळे किंवा स्वादुपिंडाच्या गाठीमुळेही होते, तेव्हा माळ लांबेपर्यंत थांबायला वेळ नसतो.

शेवटचं, वजन. शरीराच्या वजनाच्या तीन ते पाच टक्के उतरलं तरी लिव्हरमधली चरबी कमी होते. सूज उतरायला सात ते दहा टक्के लागतात. माझ्या हिशोबात पाच टक्के म्हणजे साडेतीन किलोच्या आत. ऑफिसातला दोन साखरवाला चहा आणि रात्री साडेअकराची ऑर्डर बंद केली, जेवणानंतर टेकडीपर्यंत चालणं चालू केलं. आतापर्यंत दोन किलो उतरलेत. पुढची सोनोग्राफी सहा महिन्यांनी आहे.

बाबांच्या फास्टिंगबद्दल पण आता घरात चौकशी समिती बसत नाही. त्यांना मेटफॉर्मिन चालू आहे, आणि ती गोळी मुख्यतः लिव्हरच्या रात्रीच्या साखर सोडण्यावरच लगाम घालते, हे त्यांना सांगितलं तेव्हा ते आईकडे बघून म्हणाले, "ऐकलंस? मी नव्हतो." प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात किडनी घेऊ.